ईडेलच्या पायवाटांमागचा कायदा आणि लढा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत इंग्लंडमधील खेड्यांवर आणि तेथील पायी भटकंतीवर प्रसिद्ध झालेला लेख मी आवडीने वाचला. दगडी घरे, हिरवी कुरणे, मेंढ्यांचे कळप आणि चर्चचा मनोरा यांचे वर्णन त्यात चांगले साधले आहे. मात्र तेथे कोणाच्याही शेतातून अनोळखी माणसाला बिनदिक्कत चालत जाता येते, याचे सारे श्रेय लेखकाने इंग्रजांच्या उपजत सौजन्याला आणि शिस्तीला देऊन टाकले आहे. तेवढ्या एका मुद्द्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मी बऱ्याच वर्षांपासून शेफील्ड येथे राहतो आणि तेथून रेल्वेने साधारण अर्ध्या तासाच्या अंतरावर असलेल्या ईडेल या खेड्याच्या परिसरात सवड मिळेल तेव्हा चालायला जातो. या एका खेड्याचा इतिहास चाळला, तरी तेथील वाटा कोणाच्या भल्या स्वभावामुळे खुल्या राहिल्या असे म्हणणे अवघड जाते. त्या कागदोपत्री नोंदींमुळे, संसदेने केलेल्या कायद्यांमुळे आणि त्यापूर्वी तुरुंगात जाऊन आलेल्या काही तरुण कामगारांमुळे खुल्या आहेत.

ईडेल हे डार्बीशर परगण्यात, पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तर भागात, नो नावाच्या लहानशा नदीच्या खोऱ्यात आहे. २०११ च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या जेमतेम साडेतीनशे भरली होती. हे एका जागी दाटीने वसलेले गाव नाही. अपर बूथ, बार्बर बूथ, ग्राइंड्सब्रुक बूथ, ऑलरब्रुक बूथ आणि नेदर बूथ अशा पाच वस्त्या मिळून ते बनले आहे, आणि मध्ययुगात राजाच्या राखीव वनात गुरे राखणाऱ्यांच्या निवाऱ्यांभोवती या वस्त्या वाढत गेल्या. कोकणातल्या वाड्यांची सवय असलेल्या वाचकाला ही रचना समजावून सांगावी लागणार नाही. खोऱ्याच्या उत्तरेला किंडर स्काउटचे पठार ६३६ मीटरपर्यंत चढत जाते आणि दक्षिणेला मॅम टॉर या डोंगरापासून निघालेली लांब सोंड ईडेलला शेजारच्या कॅसलटनपासून वेगळे करते. मॅम टॉरच्या माथ्यावर प्राचीन तटबंदीच्या खुणा आहेत. त्याचा पूर्वेकडचा उतार इतका ठिसूळ आहे की तेथून जाणारा हमरस्ता वर्षानुवर्षे दुरुस्त करून थकल्यावर १९७९ मध्ये वाहनांसाठी कायमचा बंद करावा लागला. गावात एक चर्च, दोन पब आणि एक रेल्वे स्थानक आहे. दोन पबांपैकी 'ओल्ड नॅग्ज हेड' १५७७ सालचा असल्याचे सांगितले जाते, आणि त्याच्या दारासमोर इंग्लंडमधील सर्वांत प्रसिद्ध पायी मार्ग, पेनाइन वे, सुरू होतो.

या खोऱ्यातील वाटा सहलीसाठी कोणी आखलेल्या नाहीत, हे आधी लक्षात घ्यायला हवे. सतराव्या शतकात ईडेलला स्वतःचे प्रार्थनामंदिर मिळाले, तोवर गावात कोणी दगावले की शव खांद्यावर घेऊन हॉलिन्स क्रॉसची खिंड चढावी लागे आणि पलीकडे कॅसलटनच्या चर्चपर्यंत नेऊन तेथे दफन करावे लागे. अठराव्या शतकाच्या अखेरीस नदीकाठी कापसाची सूतगिरणी उभी राहिली, तेव्हा कॅसलटनच्या बाया याच खिंडीतून रोज कामाला येत, असे स्थानिक लोक आजही सांगतात. पश्चिमेकडे चेशरमधून मीठ आणि अन्य माल लादलेल्या तट्टांचे तांडे येत. अपर बूथच्या पुढे त्यांच्या वाटेवरचा एक अरुंद कमानीचा दगडी पूल अजून शाबूत आहे. पुलापलीकडच्या उभ्या चढावर अठराव्या शतकात जेकब मार्शल नावाच्या शेतकऱ्याने पायऱ्या खोदल्या. तट्टे वळणावळणाने चढत असत आणि तो स्वतः पायऱ्यांनी सरळ वर जाऊन त्यांची वाट पाहत बसे. त्या पायऱ्यांना आजही 'जेकब्स लॅडर' म्हणतात. प्रेत, पगार आणि मीठ यांसाठी पडलेल्या वाटांवरून आज आपण छायाचित्रे काढत फिरतो.

इंग्रजी कायद्याने या वहिवाटीलाच हक्काचा पाया मानले आहे. लोक एखाद्या वाटेने उघडपणे, कोणाची परवानगी न मागता आणि बळजबरी न करता सलग वीस वर्षे जात-येत असतील आणि मालकाने आपला तसा हेतू नसल्याचे स्पष्ट केले नसेल, तर ती वाट त्याने जनतेला अर्पण केली आहे असे गृहीत धरले जाते. ही तरतूद प्रथम १९३२ च्या कायद्याने आली आणि आज ती १९८० च्या हायवेज कायद्यात आहे. मात्र केवळ वहिवाट सांगून भागत नाही, ती कागदावरही यावी लागते. ते काम १९४९ च्या कायद्याने काउंटी कौन्सिलांवर, म्हणजे परगण्यांच्या स्थानिक प्रशासनावर, सोपवले. प्रत्येक कौन्सिलने आपल्या हद्दीतील सार्वजनिक वाटांचा अधिकृत नकाशा आणि त्यासोबत वर्णनपत्र ठेवायचे, आणि त्या नकाशात जी वाट दाखवली आहे ती अस्तित्वात आहे याचा तो नकाशाच निर्णायक पुरावा मानायचा, अशी व्यवस्था झाली. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा नोंदलेल्या वाटांची लांबी सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर आहे. कायद्याच्या दृष्टीने शेतातली हातभर रुंदीची पायवाट आणि शहरातला डांबरी रस्ता एकाच जातीचे आहेत. दोन्हीही सार्वजनिक मार्गच, आणि म्हणून जमीन विकली, वारसांत वाटली किंवा गहाण पडली तरी त्यावरून जाण्याचा लोकांचा हक्क जागच्या जागी राहतो.

या हक्काबरोबर शेतकऱ्यावर जी बंधने येतात, त्यांचा उल्लेख लेखात कोठेच नव्हता. माझ्या मते खरी गोम तेथेच आहे. शेताच्या मधून जाणारी वाट पेरणीसाठी नांगरता येते, पण चौदा दिवसांच्या आत ती पुन्हा चालण्याजोगी करून किमान एक मीटर रुंदीची दाखवून द्यावी लागते. बांधाच्या कडेने जाणारी वाट तर नांगरताच येत नाही. कुंपणावरून चढून जाण्याच्या लाकडी किंवा दगडी पायऱ्या आणि फाटके जमीनमालकाने नीट ठेवायची असतात, आणि त्या खर्चाचा किमान चौथा हिस्सा त्याला कौन्सिलकडून मिळतो. दुभत्या जातीचा दहा महिन्यांपेक्षा मोठा वळू वाट असलेल्या शेतात मोकळा सोडता येत नाही. अन्य जातीचा वळू सोडायचा असेल, तर त्याच्यासोबत गाई असल्या पाहिजेत, कारण त्या वेळी त्याचे लक्ष माणसांकडे कमी असते असा संसदेचा अंदाज असावा. १९८१ च्या एका कायद्यात वळूंविषयीचे हे सगळे गंभीरपणे नमूद केलेले आहे. उलट बाजूने चालणाऱ्यावरही मर्यादा आहेत. शेतातील हक्क त्या एका रेषेपुरताच असतो, आणि डावी-उजवीकडे भटकण्याची मुभा त्यातून मिळत नाही. म्हणूनच फाटकांवर पिवळ्या बाणाच्या लहान चकत्या लावलेल्या असतात आणि ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेच्या १:२५,००० प्रमाणातील नकाशावर प्रत्येक पायवाट हिरव्या तुटक रेषेने दाखवलेली असते. ज्याला लेखकाने शिस्त म्हटले आहे, तिचा बराचसा भाग असा बाणांनी आणि रेषांनी बांधून दिलेला आहे.

एवढे असूनही ईडेलच्या डोक्यावरचे किंडर स्काउटचे पठार मात्र दीर्घकाळ बंद होते. पूर्वी आसपासच्या गावांची गुरे-मेंढरे तेथे चरत. एकोणिसाव्या शतकात संसदेच्या मान्यतेने झालेल्या कुंपणबंदीत ते खासगी मालकीचे झाले आणि पुढे ड्यूक ऑफ डेव्हनशर यांच्यासह काही बड्या जमीनदारांनी तेथे ग्राउज पक्ष्यांच्या शिकारीसाठी माळ राखायला सुरुवात केली. शिकारीचा हंगाम १२ ऑगस्टला सुरू होतो आणि प्रत्यक्ष शिकार वर्षातून फार थोडे दिवस चाले, पण राखणदार बारा महिने हातात काठ्या घेऊन फिरत. पठाराच्या एका अंगाला मँचेस्टर आणि दुसऱ्या अंगाला शेफील्ड अशी दोन धुराने काळवंडलेली कारखानदारी शहरे होती. तेथील मजुराला आठवड्यात रविवार तेवढा मोकळा मिळे. ईडेलमधून जाणारी रेल्वे १८९४ मध्ये सुरू झाली. शेफील्डकडून येताना साडेपाच किलोमीटरहून लांब टॉटलीचा बोगदा आणि मँचेस्टरकडून येताना काउबर्नचा बोगदा ओलांडला की गाडी थेट या खोऱ्यात उतरवी. थोडक्या पैशांत मोकळ्या हवेत पोहोचता येई, आणि पोहोचल्यावर समोर 'प्रवेश निषिद्ध' अशी पाटी दिसे. डोंगरांवर लोकांना प्रवेश द्यावा म्हणून जेम्स ब्राइस यांनी १८८४ मध्ये संसदेत विधेयक मांडले होते. पुढे अनेकदा तशी विधेयके आली आणि जमीनदारांनी भरलेल्या सभागृहांत गडप झाली.

२४ एप्रिल १९३२ रोजी, रविवारी, या कोंडीला तोंड फुटले. बेनी रॉथमन हा मँचेस्टरचा वीस वर्षांचा बेकार तरुण आणि त्याचे कामगार क्रीडा संघटनेतील सहकारी यांनी हेफील्ड गावाजवळच्या दगडखाणीत सभा घेतली आणि सुमारे चारशे जणांनी बंदी असलेल्या माळावर चढाई केली. त्याच दिवशी शेफील्डहून आलेला दुसरा जथा ईडेलमधून, जेकब्स लॅडरच्या वाटेने निघाला आणि वर माळावर दोन्ही जथे एकमेकांना भेटले. वाटेत राखणदारांशी झटापट झाली आणि एका राखणदाराला किरकोळ दुखापत झाली. खाली उतरल्यावर सहा जणांना पोलिसांनी पकडले. येथे एक कायदेशीर बारकावा आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्याच्या जमिनीत नुसते शिरणे हा इंग्लंडमध्ये फौजदारी गुन्हा नव्हता, तो केवळ दिवाणी स्वरूपाचा अपराध होता. त्यामुळे या तरुणांवर दंगल आणि मारहाणीचे आरोप ठेवावे लागले. डार्बीच्या न्यायालयात लष्करी अधिकारी आणि जमीनदार यांचा भरणा असलेल्या ज्यूरीपुढे खटला गेला आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या कैदेची शिक्षा झाली. रॉथमनच्या वाट्याला चार महिने आले.

या घटनेचे आज गोडवे गायले जातात, म्हणून हेही सांगायला हवे की त्या काळच्या प्रतिष्ठित पदभ्रमण संघटनांना ही चढाई मुळीच पसंत नव्हती. जमीनदारांशी वाटाघाटी करून, अर्ज-विनंत्या करून थोडे थोडे मिळवत जावे असे त्यांचे धोरण होते, आणि ते अगदीच वाया गेले असेही म्हणता येत नाही. १८९४ मध्ये स्थापन झालेल्या, उत्तर इंग्लंडमधील वाटांसाठी झटणाऱ्या एका संस्थेने हेफील्डहून किंडरच्या कडेने जाणारी 'स्नेक पाथ' ही वाट १८९७ मध्ये असाच चिवट पाठपुरावा करून खुली करून घेतली होती. त्या संस्थेच्या हिरव्या लोखंडी पाट्या या भागात आजही जागोजागी उभ्या आहेत. अर्ज करणारे आणि तुरुंगात जाणारे एकमेकांवर नाराज होते, तरी नंतरच्या कायद्यांना दोघांचाही उपयोग झाला, असे माझे मत आहे. खटल्यातील शिक्षा अवाजवी असल्याची भावना पसरली आणि जे लोक चढाईला विरोध करत होते त्यांनाही तुरुंगवासाचे समर्थन करणे जड गेले.

महायुद्धानंतर मजूर पक्षाच्या सरकारने १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्याने आणि ग्रामीण भागातील प्रवेश यांविषयीचा कायदा केला. त्यानुसार १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनमधील पहिले राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. आपल्याकडील वाचकाच्या मनात राष्ट्रीय उद्यान म्हटले की वस्ती हटवलेले अभयारण्य उभे राहते. तेथे तसे नाही. जमीन बहुतांश खासगी मालकीचीच राहते, शेती चालू राहते, गावे नांदती राहतात, आणि उद्यान प्राधिकरण बांधकामाच्या परवानग्यांवर लक्ष ठेवते. टॉम स्टीफन्सन या पत्रकाराने १९३५ मध्ये वृत्तपत्रातील एका लेखातून डोंगरमाथ्यावरून स्कॉटलंडपर्यंत जाणाऱ्या दीर्घ पायी मार्गाची कल्पना मांडली होती. ती प्रत्यक्षात यायला तीस वर्षे लागली. ईडेलपासून स्कॉटलंडमधील कर्क येटम गावापर्यंत २६८ मैलांचा पेनाइन वे १९६५ मध्ये खुला झाला, आणि त्याच्या उद्घाटनाची तारीख होती २४ एप्रिल. किंडरचे पठार १९८२ मध्ये नॅशनल ट्रस्ट या संस्थेने विकत घेतले. नकाशावरच्या रेषा सोडून डोंगर, मूर म्हणजे उंचावरचे उघडे माळ, आणि नोंदलेली गायराने यांवर मोकळे फिरण्याचा हक्क मात्र २००० च्या कायद्याने मिळाला आणि २००५ पर्यंत तो सर्वत्र लागू झाला. चढाईला सत्तर वर्षे झाली त्या वेळी, २००२ मध्ये, तत्कालीन ड्यूक ऑफ डेव्हनशर यांनी आपल्या आजोबांच्या काळात झालेल्या वर्तनाबद्दल जाहीर माफी मागितली. सौजन्याचे उदाहरण लेखकाला द्यायचेच होते, तर हे देता आले असते. ते सत्तर वर्षे उशिरा आले एवढेच.

हक्क मिळाला म्हणून वाट टिकते असे नाही, आणि हे ईडेलमध्ये पायांखालीच दिसते. किंडरच्या माथ्यावर पीटचा, म्हणजे हजारो वर्षे कुजून साचलेल्या वनस्पतींचा, जाड काळा थर आहे. मँचेस्टर आणि शेफील्डच्या धुरातील गंधकाने त्यावरचे शेवाळ दीडदोनशे वर्षांत मारून टाकले, त्यात वणवे आणि मेंढ्यांची अतिरिक्त चराई यांची भर पडली आणि उघडा पडलेला पीट पावसाने वाहून जाऊ लागला. त्यावर पेनाइन वेच्या हजारो चालणाऱ्यांचे बूट पडले, तेव्हा ग्राइंड्सब्रुकच्या घळीतून चढणारी मूळ वाट इतकी उसवली की मुख्य मार्ग जेकब्स लॅडरवरून वळवावा लागला. मऊ भागांत दगडी फरशा बसवल्या गेल्या. यांपैकी पुष्कळ फरशा उत्तर इंग्लंडमधील पाडलेल्या कापड गिरण्यांच्या जमिनीतल्या आहेत आणि त्या हेलिकॉप्टरने उचलून डोंगरावर नेल्या. मराठी वाचकाने येथे क्षणभर थांबायला हरकत नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ दरम्यान, तेथील कापूस येणे बंद झाले तेव्हा लँकेशरच्या गिरण्या मुंबई बंदरातून जाणाऱ्या कापसावर कशाबशा चालल्या, खानदेश-वऱ्हाडात कापसाचा भाव चढला, मुंबईत सट्ट्याचा बाजार तापला आणि १८६५ मध्ये तो कोसळला. त्या गिरणीधंद्याचे अवशेष आज पीटवर आडवे पडून चालणाऱ्याचे बूट कोरडे ठेवत आहेत. २००३ पासून नॅशनल ट्रस्ट, उद्यान प्राधिकरण आणि इतर संस्था मिळून घळींना बांध घालणे, बी पेरणे आणि शेवाळाची रोपे लावणे अशी कामे करीत आहेत, आणि पूर्वी काळाभोर दिसणारा माथा आता बऱ्याच भागांत हिरवा झाला आहे.

लेखात गावकरी जवळजवळ दिसतच नाहीत, हीही मला उणीव वाटली. साडेतीनशे माणसांच्या गावात चांगल्या हवेच्या रविवारी त्यांच्या कितीतरी पट माणसे उतरतात. अरुंद रस्त्यांच्या कडेला मोटारी उभ्या राहतात आणि कधी शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला तर कधी रुग्णवाहिकेला अडचण होते. घरे सुट्टीतील भाड्यासाठी घेतली जातात आणि त्यामुळे तेथेच जन्मलेल्या तरुणांना गावात घर घेणे परवडत नाही. मेंढ्या विण्याच्या काळात मोकळ्या सोडलेल्या कुत्र्यामुळे होणारे नुकसान शेतकऱ्यालाच सोसावे लागते. म्हणून खुल्या माळांवर १ मार्च ते ३१ जुलै या काळात कुत्रा आखूड दोरीनेच धरला पाहिजे, असा नियम आहे. धुक्यात वाट चुकलेल्या किंवा पाय मुरगळलेल्या हौशी पर्यटकाला खाली आणणारे पर्वत बचाव पथक स्वयंसेवकांचे आहे आणि ते देणग्यांवर चालते. या सगळ्याचा भार पेलूनही बहुतेक शेतकरी फाटकापाशी भेटल्यावर हवापाण्याच्या चार गोष्टी बोलतात, हे मी आनंदाने मान्य करतो. पण त्यांच्यातला एखादा तिरसट निघाला, तरी माझी वाट अडत नाही, आणि हक्क म्हणतात तो याला.

रेल्वेचेही थोडे सांगतो, कारण ईडेलला मोटारीने न जाणे हीच गावकऱ्यांवर मोठी मेहरबानी ठरते. १९६० च्या दशकात ब्रिटनमधील तोट्यातील मार्ग बंद करण्याची जी योजना आली, तिच्यात हा मार्गही होता. तो वाचला, आणि त्याऐवजी उत्तरेकडच्या वुडहेड मार्गावरील प्रवासी वाहतूक १९७० मध्ये थांबली. दोन मोठ्या शहरांतून मोटारीशिवाय थेट डोंगराच्या पायथ्याशी पोहोचण्याची सोय त्यामुळेच उरली आहे. लेखकाने मात्र वाचकांना भाड्याची मोटार घेण्याचा सल्ला दिला आहे.

आता आपल्याकडे पाहू. इंग्लंडचे सर्व काही उत्तम आणि आपले सर्व काही टाकाऊ असे मला सुचवायचे नाही, आणि तशी वस्तुस्थितीही नाही. वीस वर्षांच्या अखंड वहिवाटीने वाटेचा हक्क मिळण्याची कल्पना भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ मध्ये आहेच, अर्थात तेथे ती एका जमिनीच्या मालकाने दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्यापुरती आहे. शेतात जाण्याची वाट अडवली तर तहसीलदाराकडे दाद मागण्याची तरतूद १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमात आहे, आणि नवी वाट मागण्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचे कलम १४३ आहे. गावाच्या नकाशावर पायमार्ग आणि गाडीमार्ग तुटक रेषांनी दाखवलेले असतात, हे गावाकडच्या कोणत्याही जाणत्या माणसाला ठाऊक असते. फरक असा की आपल्याकडे यांपैकी बहुतेक तरतुदी शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात पोहोचता यावे यासाठी आहेत, म्हणजे वाद दोन शेजाऱ्यांमध्ये राहतो. ईडेलमध्ये वाटेवर हक्क कोणाचा, तर कोणाचाही. कौन्सिलकडे तक्रार करणारा माणूस त्या गावचा, त्या परगण्याचा किंवा त्या देशाचा असण्याचीही गरज नाही. किल्ल्यांच्या आणि घाटवाटांच्या ज्या जुन्या पायवाटा आज फार्महाउसांच्या कुंपणांत हरवू लागल्या आहेत, त्यांच्यासाठी झटणाऱ्या आपल्या गिर्यारोहण संस्थांनी हा फरक अभ्यासावा, असे मला वाटते.

आणि तेथील लढाही संपलेला नाही. २००० च्या ज्या कायद्याने माळ खुले केले, त्याच कायद्याने एक अटही घातली होती. १९४९ पूर्वीपासून असलेल्या, पण अधिकृत नकाशावर न आलेल्या वाटांचे दावे १ जानेवारी २०२६ पूर्वी दाखल झाले नाहीत, तर ते हक्क संपुष्टात येणार होते. रॅम्बलर्स या पदभ्रमण संस्थेने स्वयंसेवकांच्या मदतीने जुने नकाशे ताडून पाहिले, तेव्हा इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा सुमारे ४९,००० मैल वाटा नोंदीबाहेर असण्याची शक्यता २०२० मध्ये पुढे आली. सरकारने आधी ही मुदत रद्द करण्याचे जाहीर केले, मग शब्द फिरवून ती २०३१ पर्यंत वाढवली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये नव्या सरकारने ती पुन्हा रद्द करण्याची घोषणा केली. दरम्यान निवृत्त शिक्षक, वकील आणि सामान्य चालणारे लोक अभिलेखागारांत बसून चर्चला द्यायच्या दशांश-करासाठी केलेले जुने नकाशे आणि कुंपणबंदीचे निवाडे तपासत आहेत, आणि एकेका वाटेसाठी पुराव्यांसह अर्ज भरत आहेत. नैऋत्य इंग्लंडमधील डार्टमूर या माळरानावर रात्री तंबू ठोकून राहण्याचा हक्क आहे की नाही, हा वाद तर एका जमीनमालकामुळे थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मे २०२५ मध्ये त्याचा निकाल लोकांच्या बाजूने लागला.

पुढील वेळी अशा प्रवासलेखासोबत चौकटीत ही माहितीही द्यावी, अशी विनंती आहे. ईडेलला जाणाऱ्या वाचकांनी ऑर्डनन्स सर्व्हेचा 'डार्क पीक' हा नकाशा सोबत ठेवावा, जून महिन्यातही पावसाचा अंगरखा घ्यावा, आणि नकाशावर हिरवी तुटक रेषा असलेली एखादी वाट काटेरी तारेने किंवा वाढलेल्या झुडपांनी अडलेली आढळली, तर ठिकाण टिपून डार्बीशर काउंटी कौन्सिलला कळवावे. परदेशी पाहुण्याची तक्रारही तेथे नोंदवून घेतली जाते.

आपला,
एक नियमित वाचक
शेफील्ड, इंग्लंड